हेडफोनमधलं ‘जमनं’

अक्का, तुला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि लोकांनी तुला शांतिदूत करून टाकलंय. परवा दोंडाईच्याला आपल्या शाळेत तुझी शोकसभा झाली. फळ्यावर रंगीत खडूनं कबूतर काढलं होतं. त्याची मान बदकासारखी झाली होती, ते एक सोड. पण खाली ‘जागतिक शांतिदूत’ आणि त्यापुढे तुझं नाव बघून मला तिथंच हसू फुटलं. शांत? तू? भरताची वांगी हिरवी आहेत की जांभळी यावरून भाजीवाल्याला घाम फोडणारी, माझ्या सुनेचं व्याकरण जेवताना तपासणारी तू शांत असतीस, तर माझं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. पदर तोंडाला लावून हसले. शेजारच्या बायकांना वाटलं रडतेय. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मग खरंच रडले.

तुझा जन्म, शिक्षण, पदं, देश, सगळं तिथं वाचून झालं. मला ते परत सांगायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपली दोन-तीन भांडणं अर्धवट राहिली आणि तू उठून गेलीस, ही काही रीत झाली नाही.

आपण दोघी माइकवर जगलो, हे तुझं आवडतं वाक्य. तू रशियन शिकायला पुण्याला गेलीस, तिथून पार जिनिव्हाला. अण्वस्त्रं कमी कशी करायची, वाढू कशी द्यायची नाहीत, यावर देशोदेशीची माणसं बसायची आणि तू काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात ओतायचीस. आणि मी धुळ्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत. ‘शिरपूरमार्गे चोपडा जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.’ तू सुट्टीला आलीस की खिडकीशी उभी राहून माझी घोषणा ऐकायचीस आणि म्हणायचीस, ‘कुसुम, तुझं काम बरं. तू गाडी लागली म्हणतेस तेव्हा गाडी खरंच लागलेली असते.’ मी म्हणायचे, तू एकदा धुळ्याला नोकरी करून बघ म्हणजे कळेल.

दुभाष्याचा एक नियम तू मला सांगितला होतास, तो मला फार दिवस पचला नाही. समोरचा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं. ‘ते म्हणतात की’ वगैरे काही नाही. म्हणजे एखादा जनरल म्हणाला, ‘मी एकही क्षेपणास्त्र मोडणार नाही,’ की आमची अक्का शांतपणे इंग्रजीत म्हणणार, मी एकही क्षेपणास्त्र मोडणार नाही. दिवसभर दुसऱ्यांचं ‘मी’ तोंडात घोळवायचं आणि स्वतःचं एक अक्षर मध्ये घालायचं नाही. म्हणूनच घरी आलीस की एवढी बोलायचीस. साठलेलं असायचं सगळं.

पण एकदा तू एक अक्षर घातलंस. ती गोष्ट मी आता लिहिणार आहे. देशांची नावं तू मरेपर्यंत सांगितली नाहीस, त्यामुळे तीही आपोआप गुपितच राहतील.

ती सांगायची तर आधी आबा सांगावे लागतील. आपले आबा बैलबाजारातले दलाल. धुळं, शिरपूर, चोपडा, कुठलाही बाजार असो, आबा खांद्यावर उपरणं टाकून निघायचे. बैल विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, आबा दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचे आणि त्याखाली सौदा चालायचा. तोंडानं चकार शब्द नाही. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. एक बोट म्हणजे एक, अख्खी मूठ म्हणजे पाच, तळहातावर नख फिरवलं की अर्धा. भोवती सगळा बाजार गोळा झालेला असला तरी कोणाला काही पत्ता नाही. शेवटचा भाव जाहीर व्हायचा, पण कोण किती मागत होता, कोण किती खाली आला, ते उपरण्यातच राहायचं.

बायकांना बैलबाजार कुठला? म्हणून आबांनी आपल्याला तो स्वयंपाकघरात आणून दिला. आईच्या ताटझाकणीच्या फडक्याखाली आपण सौदे करायचो. भांडी कोणी घासायची, कळण्याची भाकरी कोणाला किती, सगळं बोटांवर. तू मोठी म्हणून लबाडी करायचीस, नख फिरवून मग ‘ते चुकून लागलं’ म्हणायचीस. मी आबांकडे तक्रार करायची, ‘आबा, अक्कानी मूठ धरी आनि आते नही म्हनस!’ आबा एकच सांगायचे. ‘कोनी किती दाबं, हाई सांगानं नही, पोरी. फडकं काढं की इसरी जावानं.’

आता जिनिव्हा. दोन देश होते, एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेले. बॉम्बचा माल बनवणं दोघांनी थांबवायचं, इथवर मोठ्या मुश्किलीनं आले होते. गाडं अडलं होतं एकाच ठिकाणी. संशय आला तर वर्षातून किती वेळा एकानं दुसऱ्याच्या कारखान्यात अचानक शिरून बघायचं? आकडा दोघांच्याही पोटात होता, पण ओठावर कोणी आणेना. जो आधी बोलेल त्याचा आकडा म्हणजे त्याची कमजोरी. दुसरा तिथून पुढे ओढायला लागणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच देशातली वर्तमानपत्रं त्याला सोलणार. त्या आठवड्यात जमलं नाही तर दोघं आपापल्या घरी जाऊन परत माल बनवायला लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि हा माल म्हणजे शहरंच्या शहरं बेचिराख करणारा.

दोन्ही शिष्टमंडळांचे म्हातारे प्रमुख. तू त्यांना नावं ठेवली होतीस ढवळ्या आणि पवळ्या. ढवळ्या जाडा, पवळ्या सारखा खोकायचा. ‘दोन्ही एकाच जुवाले बांधेल शेतस, पन एकमेकले शिंगं दाखाडतस,’ असं तू मला फोनवर सांगितलंस, तेव्हा मला इकडे खिडकीत बसल्या बसल्या हसू आलं आणि नंदुरबारची गाडी मी साक्रीला पाठवली. म्हणजे घोषणा तशी केली. लोक चढलेही.

दुपारच्या जेवणाला दोघं एका टेबलावर, तू मधे. ढवळ्यानं सहज विचारलं, तुमचे वडील काय करतात? तू सांगितलंस, बैलांचे सौदे. कसे? तू समोरचा मांडीवर टाकायचा रुमाल उचललास आणि करून दाखवलंस. ढवळ्या खो खो हसला. पवळ्याही हसला, मग खोकला, मग म्हणाला, बघू. दोघांनी गंमत म्हणून रुमालाखाली हात घातले. तू आबांसारखी रुमालाची दोन टोकं धरलीस आणि रीतीप्रमाणे मान दुसरीकडे वळवलीस.

आणि मग, तू म्हणायचीस, गंमत संपली. हसणं थांबलं ते तुला न बघताच कळलं. चमच्यांचा आवाज थांबला. बोटांना दुभाषी लागत नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोघांमध्ये बसून तुला काही काम नव्हतं. तू खिडकीबाहेर तळ्याकडे बघत होतीस आणि तुला धुळ्याच्या बाजारातल्या शेणाचा वास येत होता. ‘खरंच वं कुसुम, वास उना,’ असं तू शपथेवर सांगायचीस. मी म्हणायचे, परदेशी चीजचा असेल.

हात बाहेर आले. पवळ्यानं उरलेला मासा खाल्ला.

दुपारी बैठक सुरू झाली. ढवळ्या उभा राहिला आणि म्हणाला, आमच्या सरकारनं सखोल विचार करून अमुक एक संख्या सुचवायचं ठरवलंय. जेवणापासून तेवढ्या वेळात कुठलं सरकार आणि कुठला सखोल विचार! पवळ्या म्हणाला, योगायोगानं आमच्याही सरकारच्या मनात हीच संख्या आहे. तू काचेमागे बसलेली. पवळ्याचं वाक्य तू पुरं केलंस, संख्या नीट सांगितलीस, आणि माइक बंद करायच्या आधी तुझ्या तोंडून निसटलं, ‘जमनं!’

सभागृहातल्या सगळ्या कानांत ‘जमलं’ची आपली अहिराणी. जमनं! कोणाला समजेना. कोणी हेडफोन हलवून बघितले, कोणी शेजाऱ्याला विचारलं. अधिकृत नोंदीत तिथं ‘अस्पष्ट’ असं लिहिलंय म्हणे. अस्पष्ट! सगळ्या वाटाघाटींत एवढा स्पष्ट शब्द दुसरा कोणी बोलला नसेल. तुझ्या साहेबिणीनं तुला बोलावून झापलं, दुभाष्याला स्वतःचं मत नसतं म्हणून. तू म्हणालीस, मत नव्हतं बाई, सवय होती. आमच्याकडे सौदा ठरला की मधे उभा असलेल्या माणसानं एवढं म्हणायचं असतं, नाहीतर बैल दारातून परत येतो.

ती म्हणाली, ठीक आहे, पण पुढच्या वेळी माइक बंद करून.

हे सगळं तू सुट्टीत आबांना सांगितलंस तेव्हा ते पलंगावरच असायचे. देश कुठले, बॉम्ब कसला, माल कुठला, काही विचारलं नाही त्यांनी. एवढंच विचारलं, ‘मंग दोन्ही खूश गयात का?’

‘नही आबा. दोन्ही नाराज गयात.’

‘मंग पक्का शे,’ आबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

आणि पक्का निघाला. ‘अजून जातात का गं ते एकमेकांकडे बघायला?’ मी दर वर्ष-दोन वर्षांनी विचारायची. ‘जातात,’ तू म्हणायचीस. तेवढंच. त्या ‘जातात’मध्ये तुझी मान अशी वर व्हायची की मला हेवा वाटायचा. मीही काही लोकांना गाडीत बसवलंय, पण दोन देशांना एका उपरण्याखाली आणलं ते आमच्या अक्कानं. बसस्टँडवर कंडक्टर, हमाल, चहावाला, एकालाही ही गोष्ट ऐकवायची मी सोडली नाही. तुला सांगितलं नाही कधी, तू चिडली असतीस. तुझं गुपित नाव-गाव गाळून अख्ख्या धुळे आगारानं ऐकलंय, अक्का. कोणी फोडलं नाही. कारण कोणी खरं मानलं नाही.

आता भांडण. माझं पहिलं भांडण हे की, आधी कोण वाकलं? ढवळ्या की पवळ्या? तू मान वळवली होतीस, कबूल. पण रुमालाची टोकं तुझ्या हातात होती आणि आबांनी आपल्याला कापडाच्या ओढीवरून कोण दाबतंय ते ओळखायला शिकवलं होतं. तुला माहीत होतं. मी तुला लाडीगोडीनं विचारलं, रुसून विचारलं, तुझ्या आवडीची शेवभाजी पुढे ठेवून विचारलं. शेवटी दवाखान्यातही विचारलं, नर्स सलाईन बदलत होती तेव्हा. तुला बोलताना धाप लागत होती, तरी डोळे वटारलेस. ‘दोन्ही आपापला घर जिकी गयात. तू कसाले एकले हराडस वं?’ नर्सनं विचारलं, आजी काय म्हणतात? मी म्हटलं, पाणी मागतात.

यात तू जिंकलीस. मान्य. तुझ्याशी ज्या मोजक्या भांडणांत मी आनंदानं हरले, त्यांतलं हे एक.

दुसऱ्या भांडणात मात्र मी माघार घेणार नाही. आपल्या देशानं वाळवंटात स्फोट केले तेव्हा मी स्टँडवर साखर वाटली होती. तू त्याच दिवशी फोन केलास. मला वाटलं अभिनंदनाला केलाय. तू म्हणालीस, ‘साखर वाटलीस ना? आता शेजारच्यालाही वाटावीशी वाटेल.’ महिन्याच्या आत शेजाऱ्यानंही वाटली. तू परत फोन करून ‘बघ’ म्हणाली नाहीस, हा तुझा मोठेपणा. पण मी तेव्हा विचारलं तेच आज विचारते. आपण केले नसते, तर त्यानं केले नसते का? आणि ज्यांच्याकडे आधीच ढिगारे आहेत त्यांनी आपल्याला शहाणपण का शिकवावं? तू म्हणायचीस, ‘ठेवू नका असं मी तुला म्हणतच नाहीये. आज आहेत ते आहेत. पण मोजू द्या. मोजलेलं माणूस वाढवताना दहादा विचार करतं.’ मी म्हणायचे, आधी त्यांचं मोजा. तू म्हणायचीस, तेच तर करत होते गं पंचवीस वर्षं! मग दोघी फोन आपटायचो आणि चार दिवसांनी पापडांच्या निमित्तानं बोलायला लागायचो. हे भांडण बरोबरीत सुटलेलं नाही, तहकूब आहे. तू नसलीस तरी मी माझी बाजू सोडलेली नाही, एवढं ध्यानात ठेव.

निवृत्त होऊन तू धुळ्याला, देवपुरात माझ्या माडीवर राहायला आलीस. हेडफोननं कान गेले होते. जगातल्या सगळ्या धमक्या त्या कानांनी ऐकल्या आणि माझी हाक तेवढी ऐकू येईना. मी जिन्याखालून ओरडायची, ‘विमल अक्काऽ, जेवण फलाट क्रमांक एकवर लागलं आहे!’ मग खाली यायचीस.

गेल्या हिवाळ्यात टीव्हीवर सांगितलं की दोन सर्वांत बड्या देशांमधला शेवटचा अण्वस्त्रकरारही मुदत संपून गेला. आता कोणी कोणाचं मोजणार नाही. तुला ऐकू आलं नाही, मी पाटीवर लिहून दाखवलं. मला धास्ती वाटत होती. तुझं सगळं आयुष्य पाण्यात गेलं असं तुला वाटेल, आणि या वयात मी तुझी समजूत कशी घालू? तू वाचलंस. चष्मा पुसलास. मग अशी काही भडकलीस की डॉक्टरांनी घातलेली सगळी बंधनं जिन्यावरून गडगडत खाली गेली. ‘संपला तर नवा करा म्हणावं! आम्ही करत होतो तेव्हा काय आयता होता? आणि जे कापलं ते कापलं. पाचांतले चार बॉम्ब मोडले जगानं. आजची पोरं समजतात ते आपोआप गंजले. एकेक कापायला माणसं बसली होती, कुसुम, एकेका शब्दावर रात्रीचं जेवण सोडून. ते आता कोणाच्या बापालाही न कापलेलं करता येत नाही.’

मी बघतच राहिले. मी समजूत घालायला आले होते आणि तूच विजयसभा घेत होतीस. भरताचं वांगं भाजत ठेवलं होतं ते जळलं, त्याचंही तुला काही वाटलं नाही. उलट, जळकं भरीत दोनदा मागून घेतलंस. तुझा तो चेहरा मी उचलून ठेवलाय. दवाखान्यातला नाही.

तर शोकसभा. हेडमास्तर बोलले, नगराध्यक्ष बोलले, सगळ्यांनी तुला नोबेल मिळायला हवं होतं असं ठरवलं. मला बोलायला सांगितलं. बसस्टँडवर जन्म गेला आणि माइकसमोर शब्द फुटेना. तेवढ्यात मागून मिरचीचे व्यापारी रमणसेठ उठले. पन्नाशीचे, माणूस सरळ, जे पोटात ते ओठात. म्हणाले, ‘कुसुमताई, राग मानू नका. टीव्हीवर तर सांगतात, सगळे करार संपले, परत शर्यत सुरू. मंग बाईंनी आयुष्यभर काय करं? मला खरंच समजून घ्यायचं शे.’

सगळी सभा चपापली. कोणी त्यांचा सदरा ओढला. हेडमास्तर आभार मानायला उठले. पण मी त्यांना हातानं थांबवलं. प्रश्न तुला होता, अक्का, आणि तू उत्तर द्यायला नव्हतीस. आणि मला एकाएकी भीती वाटली की इथं आत्ता मी गप्प राहिले, तर तुझं आख्खं आयुष्य आपल्याच गावात, आपल्याच शाळेत ‘अस्पष्ट’ म्हणून नोंदलं जाईल. मी माइक दोन्ही हातांनी धरला.

‘सेठ, तुमना घर कोन कोन शे?’

ते गोंधळले. ‘आई शे. मिसेस शे. दोन पोरं, सुना. आते दिवाळीले नात व्हयनी.’

‘बठ्ठा जित्ता शेतस ना?’

‘हां... शेतस.’

‘आनि हाई गाव? धुळं? जठे बॉम्ब बनाडतस ती गावं? ती बठ्ठी जागावर शेतस ना?’

‘शेतस.’

‘हाईच करं मनी बहीननी.’

सेठ उभेच राहिले. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली त्यांनी. मी तुझं उत्तर माझ्या तोंडानं दिलं, अक्का, आयुष्यात पहिल्यांदाच, तेही ‘मी’ म्हणायचा तुझा नियम मोडून. चुकलं असेल तर ये, आणि सगळ्यांदेखत माझी चूक काढ.